सोळा आणे कुणालाच नाहीत

वार्षिकांकासाठी लेख द्यावेत अशी सूचना फलकावर लागली, तेव्हा मित्रांनी विचारले, ‘कशावर लिहिणार?’ मी म्हणालो, ‘घोड्यांच्या रेसवर.’ सगळे हसले. एकाने तर विचारले, ‘मग नंबर देणार का?’ त्यांचे हसणे साहजिक होते. डोंगरकड्याच्या आसपास केळीच्या बागा आहेत, हळद आहे, सोयाबीन आहे. घोडा दिसतो तो वरातीत नवरदेवाखाली, नाही तर माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत. रेसकोर्स तिकडे दूर पुण्याला आणि मुंबईला. शिवाय रेस म्हणजे जुगार आणि जुगार म्हणजे घरादाराची राखरांगोळी, हे आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकलेले आहे. तरीही मी याच विषयावर लिहीत आहे. पुढे काय होणार हे माहीत नसताना निर्णय कसा घ्यावा, ही गोष्ट शेतकऱ्याच्या मुलाला रोज लागते. पण ती मला कोणत्याच इयत्तेत शिकायला मिळाली नाही. ती मला शिकायला मिळाली एका रेसच्या वहीतून.

ही वही माझ्या मामांची. मामा पुण्याला रेसच्या घोड्यांच्या तबेल्यात अकरा वर्षे सईस होते. सईस म्हणजे घोड्याची निगा राखणारा माणूस. पहाटे घोडा फिरवून आणायचा, खरारा करायचा, दाणावैरण बघायची, पायांना पट्ट्या बांधायच्या. पुण्याचा हंगाम पावसाळ्यातला, साधारण जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत. नंतर नोव्हेंबर ते एप्रिल मुंबईचा. दोन्हीकडचा कारभार रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबकडे. क्लब १९२५ चा; महालक्ष्मीचे मैदान त्याहून जुने, १८८३ पासूनचे. तेथे १९४३ पासून इंडियन डर्बी पळते. मामा घोड्यांबरोबर या दोन्ही गावांना जात असत. गुडघे दुखू लागले तेव्हा ते परत आले आणि येताना पत्र्याच्या पेटीत तीन वह्या घेऊन आले.

मी एकदा त्यांना विचारले, ‘मामा, तुम्ही रात्रंदिवस घोड्याजवळ राहायचात. कोण जिंकणार हे तुम्हाला आधीच कळत असेल ना?’ मामा म्हणाले, ‘बापू, ज्या घोड्याला मी ह्या हातानं दाणा चारायचो, त्याचंबी मला ठावं नसायचं. आज पळायचं मनात हाय का न्हाई, हे त्याचं त्यालाच. मग लोकाच्या घोड्याचं मी काय सांगू?’

हे उत्तर मला तेव्हा टाळाटाळीचे वाटले होते. आज वाटते की मामांची सगळी विद्या त्यातच होती.

प्रथम रेसची रीत सांगतो. जो घोडा वेगवान तो जिंकणार, त्यात विचार तो काय करायचा, असे आपल्याला वाटते. परंतु पुष्कळशा शर्यती ‘हँडिकॅप’ असतात. क्लबचा एक अधिकारी असतो, त्याला हँडिकॅपर म्हणतात. घोड्याची मागची कामगिरी पाहून त्याने पाठीवर किती वजन वाहायचे हे तो ठरवतो. चांगल्या घोड्यावर जास्त, कच्च्या घोड्यावर कमी. एकावर ६० किलो, तर दुसऱ्यावर ५२ किलो. जॉकी आणि खोगीर मिळून वजन कमी भरले तर शिशाच्या पट्ट्या घालून ते पुरे करतात. शर्यतीच्या आधी आणि नंतर जॉकीला काट्यावर उभे करून वजन तपासतात. हेतू असा की सर्वांना जिंकण्याची सारखीच संधी मिळावी. म्हणजे बघा, तेथे एक माणूस पगार घेऊन अनिश्चितता तयार करतो आणि हजारो माणसे ती फोडण्यासाठी पुस्तके उघडून बसलेली असतात. अंतर किती, वजन किती, जॉकी कोण, मैदान ओले की कोरडे, मागच्या पाच शर्यतींत नंबर कितवा, आजारातून उठून किती दिवस झाले. या सर्वांवरून घोड्याची योग्यता ठरवण्याच्या त्यांच्या खटपटीलाही हँडिकॅपिंग असेच म्हणतात.

बहुतेकांच्या बाबतीत या खटपटीचा शेवट एका घोड्याच्या नावात होतो. ‘आज हाच.’ मामांनीही पहिल्या महिन्याचा अर्धा पगार अशाच एका ‘खात्रीच्या’ घोड्यावर घालवला. त्यानंतर तबेल्यातल्या एका म्हाताऱ्या सईसाने त्यांना वही घालायला शिकवले. त्या वहीत घोड्याचे नाव निवडायचे नाही. रुपयाचे सोळा आणे करायचे आणि ते सगळ्या घोड्यांना वाटून द्यायचे. याला पाच आणे, त्याला चार, तिसऱ्याला तीन, उरलेल्यांना एकेक. बेरीज सोळाच्या वर जाता कामा नये. आणि सर्वांत मोठा नियम हा की एकट्या घोड्याला सोळा आणे कधीच द्यायचे नाहीत. आपण बोलताना सहज म्हणतो, ‘सोळा आणे खरे.’ तीन वह्यांत मिळून मामांनी एकदाही कोणाला सोळा आणे दिलेले नाहीत. सर्वांत जास्त दिले ते नऊ, आणि तो घोडा हरला.

आता बाजारातला भाव पाहू. चार घोड्यांची रेस आहे असे धरा. पहिल्याला बरोबरीचा भाव, म्हणजे रुपयाला रुपया. दुसऱ्याला आणि तिसऱ्याला तिनाचा, चौथ्याला साताचा. बरोबरीचा भाव म्हणजे दोनात एक संधी, म्हणून आठ आणे. तिनाचा भाव म्हणजे चारात एक, म्हणून चार आणे. तसे दोन घोडे. साताचा भाव म्हणजे आठात एक, म्हणून दोन आणे. बेरीज करा: आठ, चार, चार, दोन. अठरा आणे झाले! आपल्या रुपयात सोळा आणे, बुकीच्या रुपयात अठरा. वरचे दोन आणे त्याचे. टोटवर, म्हणजे सर्वांचे पैसे एकत्र करून वाटण्याच्या पद्धतीतही, आधी कर आणि कमिशन कापले जाते आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जाते. त्यावर सरकारने १ ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी बसवला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के केला. म्हणून ‘रेस खेळा’ असे सांगायला हा लेख मी लिहीत नाही, हे येथेच स्पष्ट करतो. हा हिशेब ज्याला कळला तो खेळाच्या वाटेला जाणारच नाही.

पण वहीची खरी शिकवण याच्या पुढे आहे. मामांच्या मते एखाद्या घोड्याला चार आणे असतील आणि बाजार त्याला दोनच आण्यांच्या भावाने विकत असेल, तर तो घेण्यासारखा. तोच घोडा बाजारात साडेपाच आण्यांना मिळत असेल तर कितीही देखणा असला तरी सोडून द्यायचा. ‘कोण जिंकणार’ हा प्रश्नच चुकीचा. ‘जेवढी संधी आहे तेवढ्याच किमतीला ती मिळते का’ हा खरा प्रश्न. गेल्या वर्षी हळदीला भाव आला म्हणून यंदा साऱ्या शिवारात हळद दिसते, तेव्हा आपण हाच चुकीचा प्रश्न विचारत असतो. पीक चांगले आहे, पण ते आपण सर्वांनी मिळून महाग करून ठेवलेले असते.

दुसरी गोष्ट म्हणजे पडताळा. रेस संपली की मामा निकाल वहीत लिहायचे. शंभर नोंदी झाल्या की बसायचे आणि मोजायचे. ज्यांना चार आणे दिले त्यांतले पंचवीस जिंकायला हवेत. पहिल्या वर्षी मोजले तर सतराच भरले. याचा अर्थ मामांचे चार आणे हे खरे पाहता पावणेतीनच आणे होते. ‘तवा मला कळलं,’ मामा म्हणाले, ‘की घोड्याच्या आधी मलाच वजन घालाया पायजे.’ आपल्यापैकी किती जणांनी आपल्या अंदाजांची अशी मोजदाद केली आहे? परीक्षेनंतर ‘साठ टक्के नक्की’ म्हणणारे आपण निकाल लागला की ते साठ विसरून जातो. लिहून ठेवलेले नसले की माणूस मागाहून म्हणायला मोकळा, ‘मला वाटलेच होते.’

तिसरी गोष्ट म्हणजे किती लावायचे. जो घोडा चारात एकदा जिंकतो तो लागोपाठ दहा वेळा हरण्याची शक्यता सोळा आण्यांत जवळजवळ एक आणा असते. म्हणजे असे होणारच नाही असे नाही. वर्षभर खेळणाऱ्याला ते केव्हा ना केव्हा भेटणारच. पुष्कळ जण हरले की दुप्पट लावतात. दहा रुपयांनी सुरुवात केली आणि सात वेळा हरले, तर १,२७० रुपये गेले आणि आठव्या वेळी १,२८० लावायचे, ते कशासाठी? तर दहा रुपये मिळवण्यासाठी! १९५६ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतल्या जॉन केली या शास्त्रज्ञाने किती लावावे याचे सूत्रच मांडले. त्याचे सार असे की संधी आणि भाव यांत आपल्या बाजूने जेवढा फरक असेल तेवढ्याच प्रमाणात लावावे, आणि फरक नसेल तर शून्य. मामांना केलीचे नावही ठाऊक नाही. त्यांचा नियम, पेटीतल्या पैशाचा विसावा हिस्सा, त्याच्या वर नाही. आणि दिवसाच्या सात रेसांतल्या पाच नुसत्या बघायच्या. ‘रेस सोडता आली पायजे, बापू. सोडायला काय पैसं लागत न्हाईत.’

अर्थशास्त्राच्या सरांशी बोलत असता हाँगकाँगच्या बिल बेंटरविषयी कळले. या माणसाने संगणकावर घोड्यांचे गणित बसवले आणि १९९४ साली आपली पद्धत लिहून प्रसिद्ध केली. त्यातली एक गोष्ट मला फार आवडली. आपल्या संगणकाचा आकडा तो एकटा वापरत नसे. लोकांनी लावलेल्या पैशांवरून निघणारा आकडा त्यात मिसळत असे. आपल्याला माहीत नसलेले काहीतरी दुसऱ्या कोणाला माहीत असू शकते, एवढा विनय त्याने गणितातच घातला होता.

पण इतके दूर जायचे कारण नाही. महाभारताच्या वनपर्वात नलाची कथा आहे. नल घोड्यांची विद्या जाणणारा, पण द्यूतात राज्य हरलेला. राजा ऋतुपर्णाचा सारथी होऊन तो विदर्भाकडे रथ हाकत असतो. वाटेत ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाकडे पाहून पाने आणि फळे किती ते सांगतो. नलाचा विश्वास बसत नाही. तो रथ थांबवतो, मोजून पाहतो आणि आकडा बरोबर निघतो. मग दोघे विद्यांची अदलाबदल करतात. नल घोड्यांची विद्या देतो आणि फाशांची व गणनेची विद्या घेतो. ती मिळताच त्याच्या अंगातला कली बाहेर पडतो. बेहड्याची फळेच पूर्वी फासे म्हणून वापरत, हे लक्षात घेतले म्हणजे कथा आणखी कळते. घोडा कळणे वेगळे आणि संधी मोजता येणे वेगळे. मामांना ऋतुपर्ण भेटला तो त्या म्हाताऱ्या सईसाच्या रूपाने.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली डॉ. लक्ष्मणन यांच्या खटल्यात असा निकाल दिला की घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, नुसत्या नशिबाचा नाही. यावर वाद घालणारे आहेत. मला वाटते, कौशल्य आहे हे खरे; पण ते विजेता ओळखण्याचे कौशल्य नव्हे. आपल्याला काय माहीत नाही हे आकड्यात लिहिता येणे, आणि चूक झाली तरी उद्या उभे राहता येईल एवढेच लावणे, हे ते कौशल्य. ते नसेल तर मैदानावरची रेस काय आणि मोबाईलवरचा खेळ काय, सारखेच. आमच्या गल्लीतल्या एका मित्राने वडिलांच्या कापसाचे पैसे मोबाईलवर घालवले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. कायदा हवाच होता. परंतु त्या मित्राला अजून वाटते की आणखी एक डाव मिळाला असता तर सारे परत आले असते. ही समजूत कोणत्या कायद्याने जाईल?

आता घरची गोष्ट सांगतो. ऋग्वेदातल्या अक्षसूक्तात जुगाऱ्याला फासे सोडून शेती करण्याचा उपदेश आहे, असे वर्गात ऐकले तेव्हा मला हसू आले. त्या ऋषीला आमचे पाच एकर दाखवायला हवे होते. मी दहावी झालो त्या जूनमध्ये पहिला पाऊस जोराचा झाला. आबांनी दोन दिवसांत पाचही एकर सोयाबीन पेरले. ‘यंदा पाऊस चांगला हाय म्हणत्यात.’ मग तीन आठवडे आभाळ कोरडे. उगवलेले करपले. दुबार पेरणी करावी लागली आणि मला नांदेडला खोली करून शिकवण्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे बियाणे-खतात गेले. मी जवळच्या कॉलेजात नाव घातले. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच, तेव्हा तक्रार कोणाजवळ करणार? मामा तेवढे म्हणाले, ‘दाजीनं एकाच घोड्यावर समदं लावलं.’ आईला ते बोलणे लागले. आठ दिवस ती भावाशी बोलली नाही.

पुढे मी मामांच्या वहीसारखी एक वही घरी सुरू केली. पाऊस कोणत्या तारखेला, किती, पेरणी केव्हा, उगवण कशी. हवामान खाते एप्रिलमध्ये अंदाज देते. २०२५ साली त्यांनी देशासाठी सरासरीच्या १०५ टक्के पाऊस सांगितला होता, ५ टक्के इकडेतिकडे धरून. पण तो आकडा सबंध देशाचा आणि चार महिन्यांचा; आमच्या शिवारातल्या जूनच्या तिसऱ्या आठवड्याचा नव्हे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हे कृषी खात्याचे सांगणे मात्र आमच्या कामाचे. त्या वर्षी मी आबांना म्हणालो, ‘आबा, यंदा आधी दोन एकर पेरू. बाकीचं शंभर मिलिमीटरनंतर. आणि वरच्या रानात तूर घालू.’ आबा दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी तिफण काढताना म्हणाले, ‘तुझ्या वहीपरमानं होऊ दे.’

वाचकांना वाटेल की आता पीक भरघोस आले असे मी सांगणार. तसे झाले नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली आणि ओढ्याकडचे आमचे सोयाबीन पाण्यात गेले. वरच्या रानातली तूर आणि थोडे सोयाबीन तेवढे हाती आले. शेजारी म्हणाले, ‘पोराचं ऐकून काय मिळालं?’ माझीही मान खाली गेली. तेव्हा आबांनीच त्यांना सांगितले, ‘समदं एकदम पेरलं असतं वड्याकडं, तर तूरबी नसती.’ निर्णय चांगला असून निकाल वाईट लागू शकतो, आणि निर्णय वाईट असून निकाल चांगला लागू शकतो. रेसच्या मैदानावर ही गोष्ट उमगायला मामांना वर्षे लागली; आबा ती एका वाक्यात बोलून गेले.

तरीही एका ठिकाणी मामांची वही आमच्या उपयोगी पडत नाही, आणि तेच मला या लेखात मुख्यतः सांगायचे आहे. मामांचा सर्वांत मोठा नियम रेस सोडण्याचा. आबांना रेस सोडता येत नाही. मृग आला की पेरायचेच. ‘यंदा भाव बरोबर दिसत नाही, पुढच्या वर्षी पाहू’ असे म्हणण्याची मुभा शेतकऱ्याला नाही. विसावा हिस्सा लावून बाकीचा पेटीत ठेवण्याचीही नाही, कारण पेटीत तेवढे नसतेच. ज्याला डाव सोडता येत नाही त्याला नुसते ‘हिशेबाने वाग’ सांगणे पुरेसे नाही. त्याच्या डावातला काही हिस्सा दुसऱ्या कोणी उचलला पाहिजे. एक रुपयात पीकविमा २०२३ च्या खरिपात आला आणि २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. आता खरिपाच्या पिकांना विमा रकमेच्या २ टक्के हप्ता शेतकऱ्याने भरायचा. हँडिकॅप हा शब्द आपण अधूपणासाठी वापरतो. रेसमध्ये मात्र त्याचा अर्थ असा की जो बलवान त्याच्या पाठीवर ओझे जास्त. ही रीत घोड्यांच्या बाबतीत पाळली जाते. माणसांच्या बाबतीत कमी वजनाचा घोडा कोण आणि शिशाच्या पट्ट्या कोणाच्या खोगिरात, हे वाचकांनीच पाहावे.

जुन्या लोकांना हा विचार अगदीच परका नव्हता. पिकाचा अंदाज करायची सरकारी रीत आणेवारीचीच होती. आता तिला पैसेवारी म्हणतात. पन्नास पैशांच्या आत आली तर टंचाई. ती आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम अशी तीनदा जाहीर होते. म्हणजे पहिला अंदाज चुकू शकतो हे त्या रीतीतच मान्य केलेले आहे. आपण घरी मात्र पहिल्याच अंदाजाला शेवटचा समजतो.

म्हणून माझी एक सूचना आहे. आपल्या महाविद्यालयातले निम्म्याहून अधिक विद्यार्थी शेतकऱ्यांची मुले आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, ते चांगलेच आहे. त्याबरोबर प्रत्येकाने आपल्या घरची एक वही घालावी. पाऊस, पेरणी, त्या वेळचा आपला अंदाज आणि नंतरचा निकाल. दहा गावांच्या अशा वह्या पाच वर्षे झाल्या, तर कोणत्याही भविष्यवाल्यापेक्षा आपल्या शिवाराविषयी आपल्यालाच अधिक कळेल. कला शाखेच्या विद्यार्थ्याला गणिताची भीती वाटते, मलाही वाटते. पण रुपयाचे सोळा आणे वाटायला फार गणित लागत नाही.

यंदाच्या मृगासाठी मी वहीचे नवे पान आखून ठेवले आहे. आबांना विचारले, ‘पहिल्या पावसाला किती आणे देता?’ त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, ‘सहा लिही. पर पेन्सिलीनं लिही.’